स्थैर्य कोणाचे? रेणूचे की अवस्थेचे?

‘सेंद्रिय द्रव स्फटिकांचे संश्लेषण व औष्णिक स्थैर्य’ अशा धर्तीच्या मथळ्याचे शोधनिबंध महाविद्यालयीन प्रयोगशाळांतून नेहमी येतात, आणि विज्ञानविषयक लेखांतही हे शब्द जसेच्या तसे उतरतात. आमचा आक्षेप ‘औष्णिक स्थैर्य’ या शब्दाच्या सैल वापराला आहे.

फ्रीड्रिख राइनिट्झर यांना १८८८ साली दिसले, की कोलेस्टेरिल बेंझोएट १४५.५ अंश सेल्सिअसला वितळून गढूळ होते आणि १७८.५ अंशांना निवळते. मधली गढूळ अवस्था हीच द्रव स्फटिक. निबंधकार ‘स्थैर्य’ म्हणतात ते बहुधा या वरच्या तापमानाला, म्हणजे निवळबिंदूला. तेथे अवस्था संपते. रेणू शाबूत असतो आणि थंड केल्यावर गढूळपणा परत येतो. रेणूचेच अपघटन झाले तर तो परत येत नाही. या दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव मिळाल्यावर वर्गात घोटाळा झाला, तर दोष शिक्षकाला कसा द्यावा?

शिरूर-दौंडच्या हवेत हा फरक चांगला समजतो. एमबीबीए हे संयुग सुमारे २२ ते ४७ अंशांपर्यंत द्रव स्फटिक असते. मे महिन्यात पारा चाळिशीपलीकडे गेला तरी त्याची अवस्था टिकते. पण ते शिफ बेस असल्याने पावसाळी दमट हवेत त्याचा रेणू हळूहळू फुटतो आणि निवळबिंदू घसरत जातो. उलट जॉर्ज ग्रे व सहकाऱ्यांनी १९७३ साली इंग्लंडात जाहीर केलेल्या ५सीबी या सायनोबायफेनिलाचा रेणू ओलाव्याला दाद देत नाही. पण त्याची अवस्था ३५ अंशांनाच संपते. नुसते ५सीबी भरलेले घड्याळ दौंड स्थानकाच्या फलाटावर भर दुपारी कोरेच दिसेल! म्हणून प्रत्यक्षात अनेक संयुगांचे मिश्रण वापरतात. ई७ हे मिश्रण सुमारे ६० अंशांपर्यंत टिकते. आता यांत ‘अधिक स्थिर’ कोण?

दौंड तालुक्यात कुरकुंभला रसायनांचे कारखाने, तर शिरूर तालुक्यात रांजणगावला दूरचित्रवाणी संचांचे. रेणू आणि पडदा, दोन्ही आपल्या विद्यार्थ्यांच्या ओळखीचे आहेत. त्यांना मोघम शब्द देऊन कसे चालेल?

दुसरा आक्षेप तुलनेच्या पद्धतीवर. कार्बनची साखळी एकेका अणूने वाढवायची, निवळबिंदूंचा तक्ता मांडायचा आणि ज्याचा आकडा मोठा ते संयुग सरस ठरवायचे, असा पुष्कळ निबंधांचा साचा असतो. या मापाने एस. चंद्रशेखर, बी. के. सदाशिव आणि के. ए. सुरेश यांचा १९७७ सालचा, ‘प्रमाण’ नियतकालिकातील निबंध मागेच पडला असता. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेतील या मंडळींची बेंझिन-हेक्झा-अल्कानोएट संयुगे जेमतेम काही अंशांच्या पट्ट्यातच द्रव स्फटिक असत. पण चकतीसारखे रेणूही द्रव स्फटिक बनवतात हे त्यांनी प्रथम दाखवले, आणि तेही उष्णता, प्रकाश व क्ष-किरण अशा तिन्ही पुराव्यांनिशी.

एवढी सामग्री प्रत्येक महाविद्यालयाकडे नसते, हे आम्हांस मान्य आहे. पण तोच नमुना दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तापवायला जादा उपकरण लागत नाही. निवळबिंदू तोच राहिला की खाली आला, एवढा एक रकाना तक्त्यात असला तरी ‘स्थैर्य’ कोणाचे मोजले ते वाचणाऱ्याला कळेल.