न झाडलेल्या गोळीची गोष्ट

हंसल मेहतांचा 'सिटीलाइट्स' 2014 साली आला तेव्हा मी कॉलेजात होते. सिक्युरिटी एजन्सीत कामाला लागलेल्या माणसाची गोष्ट आहे म्हटल्यावर काही महिन्यांनी मी तो बाबांना लॅपटॉपवर लावून दिला. बाबा तेव्हा सातिवलीतल्या एका कंपनीच्या गेटवर गनमॅन होते. तासाभराने ते उठले, चहा ठेवायला गेले आणि आतूनच विचारलं, "ह्यातली बंदूक कोणाची?"

"कंपनीची असेल."

"मग लायसन्स कोणाच्या नावावर?"

मला हसू आलं. एवढा रडवणारा सिनेमा चालू आहे आणि ह्यांना लायसन्स सुचतंय! आज मी स्वतः एका ऑफिसात एचआरचं काम करते, कंपनीचे नियम लिहिते. त्या सिनेमावर मी नंतर बरंच वाचलं, पण बाबांच्या प्रश्नाइतकं नेमकं काही सापडलं नाही. हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे. सिनेमा पाहिला नसेल तर पुढे शेवट फुटणार आहे, आधीच सांगते.

'सिटीलाइट्स' हा शॉन एलिसच्या 'मेट्रो मनिला' (2013) या सिनेमाचा हिंदी अवतार. राजस्थानातलं एक जोडपं कर्जापायी लेकीला घेऊन मुंबईत येतं आणि घराच्या व्यवहारात पहिल्याच फटक्यात फसतं. राखीला (पत्रलेखा) बारमध्ये काम करावं लागतं. दीपकला (राजकुमार राव) श्रीमंतांच्या पैशांच्या पेट्या पोहोचवणाऱ्या एजन्सीत नोकरी लागते. तिथला त्याचा वरिष्ठ विष्णू (मानव कौल) त्याला मित्र वाटतो आणि तोच त्याचा सापळाही ठरतो. पेटी माणसांच्या हातात, चावी मात्र ऑफिसात. शेवटी दीपक जीव देऊन बायको-मुलीची सोय लावतो.

सिनेमाची ताकद त्या पेटीत आणि चावीत आहे. मालकाला माणसाचा जीव धोक्यात घालायला चालतं, पण त्याच्यावर विश्वास टाकायला चालत नाही, हे मेहता न बोलता दाखवतात. माझी तक्रार बंदुकीबद्दल आहे. ती पडद्यावर आली की आपण वाट बघायला लागतो, आता उडेल, मग उडेल. आणि सिनेमाही आपल्याला निराश करत नाही.

ही सवय आपल्याला कुठून लागली? लेखनाच्या कुठल्याही कार्यशाळेत गेलात तर चेकॉव्हच्या नावाने एक नियम ऐकवतात: रंगमंचावर बंदूक दाखवलीत तर ती पुढे उडाली पाहिजे. सिनेमा, वेबसीरिज, कथा, सगळे हा नियम पाळतात. माझ्या घरात मात्र एक बंदूक अठरा वर्षं कपाटात होती, रोज कामावर जात होती आणि एकदाही उडाली नाही. बाबांच्या पेशात यालाच काम चोख करणं म्हणतात. म्हणजे गोष्टीचा नियम आणि गनमॅनचा नियम एकमेकांच्या अगदी उलट आहेत. म्हणूनच बहुधा गनमॅनची खरी गोष्ट आपल्याकडे लिहिली जात नाही. गोळी सुटत नाही तोवर आपल्याला तिथे गोष्टच दिसत नाही.

पण तिथे गोष्ट होती. ती कागदांत होती.

बाबा फौजेतून सतरा वर्षांची नोकरी करून परतले आणि त्यांनी बारा बोअरची डबल बॅरल घेतली. फौजेतून आलेल्या माणसाला गार्डची नोकरी कुठेही मिळते, पण स्वतःची बंदूक असेल तर तो 'गनमॅन' होतो आणि गनमॅनचा दर वेगळा. सातिवली-वालीव-गोखिवऱ्याच्या गाळ्यांत हे सगळ्यांना ठाऊक आहे. एजन्सीला स्वतःच्या नावावर शस्त्रं मिळवण्यापेक्षा परवानाधारक माणूस शोधणं सोपं पडतं. म्हणजे सुताराने रंधा आणावा तसं बाबांनी आपलं हत्यार आणायचं. फरक एवढाच की रंध्यासाठी सुताराला पोलिसांकडे जावं लागत नाही.

परवान्याचं पुस्तक मी लहानपणी धड्यासारखं वाचलंय. त्यात माणसाचा फोटो, हत्याराचा नंबर, किती काडतुसं बाळगता येतील त्याचा आकडा. कारण लिहिलेलं: स्वसंरक्षण. आणि बाबांना पगार मिळायचा तो दुसऱ्याच्या मालाचं रक्षण करण्याचा. या एका शब्दावरून प्रत्येक नूतनीकरणाला प्रश्न यायचा आणि प्रत्येक वेळी बाबा एजन्सीचं पत्र जोडायचे. आम्ही घर एकदाही बदललं नाही, तरी त्यांची फाइल तीन ठिकाणी फिरली. आधी ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे, 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा झाल्यावर पालघरला, आणि 1 ऑक्टोबर 2020 पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाकडे. 2019 च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच झाली तेव्हा बाबांनी पेढे आणले होते. माझ्या बारावीच्या निकालालाही ते इतके मोकळे हसले नव्हते.

या कागदातला संशय जुना आहे. आजचा शस्त्र कायदा 1959 चा, पण त्याआधी होता तो 1878 चा, व्हाइसरॉय लिटनच्या काळातला. त्याच लिटनने त्याच वर्षी देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही आणला. हा लिटन स्वतः टोपणनावाने कविता लिहायचा. देशी माणसाच्या हातातली बंदूक आणि देशी माणसाच्या भाषेतला छापील कागद, दोन्हींना परवानगी लागावी असं एका कवीला एकाच वर्षी वाटलं. वृत्तपत्रांचा कायदा काही वर्षांतच गेला. बंदुकीचा परवाना राहिला, आणि तो राहायलाच हवा असं माझं मत आहे. मी बंदुकीच्या बाजूने लिहीत नाहीये. हा कागद सांभाळणाऱ्या माणसाकडे बघा, एवढंच म्हणतेय.

2024 चंच वर्ष घ्या. 16 मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली, 15 ऑक्टोबरला विधानसभेची. आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. सरसकट सगळ्यांना नको, छाननी समिती नेमून एकेकाचा विचार करा, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2009 च्या गोव्यातल्या एका प्रकरणात म्हटलंय. बँकेच्या सुरक्षारक्षकांना सूटही मिळते. पण गाळ्यातल्या कंपनीचा गेट म्हणजे बँक नाही. सूट हवी तर मालकाचं पत्र हवं, आणि मालक म्हणतो, "महिन्याभराचाच प्रश्न आहे ना, काका." तेवढे दिवस बाबा त्याच खुर्चीवर, त्याच गणवेशात, तेवढेच बारा तास बसायचे. पगार मात्र गार्डचा. बंदूक ठाण्यात आणि माणूस निम्मा.

2024 च्या दुसऱ्या खेपेला ती परत आलीच नाही, म्हणजे गेटवर आली नाही. त्याची सुरुवात आदल्या वर्षी झाली होती.

31 जुलै 2023 च्या पहाटे जयपूरहून मुंबईला येणाऱ्या एक्स्प्रेसमध्ये रेल्वे सुरक्षा दलाच्या एका कॉन्स्टेबलवर आपल्या वरिष्ठाला आणि तीन प्रवाशांना गोळ्या घालून मारल्याचा आरोप आला. ते तिन्ही प्रवासी मुस्लिम होते. गाडी आमच्याच पालघर जिल्ह्यातून, आमच्याच रुळांवरून जात होती. त्या आठवड्यात कंपनीतल्या मोल्डिंग मशीनवरचे एक चाचा चहाच्या वेळी गेटवर आले नाहीत. दहा वर्षं ते बाबांच्या शेजारी स्टुलावर बसून चहा प्यायचे. तिसऱ्या दिवशी आले तेव्हा म्हणाले, "दादा, बुरा मत मानना. आज तक इस चीज़ पर नज़र नहीं गई थी." बाबांनी बंदूक उघडली, दोन्ही काडतुसं काढून खिशात टाकली आणि चहा ओतला. घरी येऊन हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

नंतर परदेशी खरेदीदाराचं ऑडिट आलं आणि एचआरच्या मॅडमनी आवारात शस्त्र चालणार नाही असा नियम काढला. मी त्यांच्यावर चिडायला हवं होतं, पण तसाच नियम मी माझ्या ऑफिससाठी लिहून बसले होते. मसुदा अमेरिकन होता. त्यात 'पार्किंगमध्ये उभ्या केलेल्या खासगी वाहनातही' असं कलम होतं. ते का आहे ते मी तेव्हा शोधलं. 2002 मध्ये ओक्लाहोमातल्या एका कागद कारखान्याने गाडीत बंदुका ठेवणाऱ्या कामगारांना काढून टाकलं. मग 2004 मध्ये त्या राज्याने कुलूपबंद गाडीत बंदूक ठेवायला मालक मनाई करू शकत नाही असा कायदा केला. कंपन्या कोर्टात गेल्या, आणि 2009 मध्ये तिथल्या संघीय अपील न्यायालयाने कायदा टिकवला. तिथे भांडण हक्काचं आहे: माझी गाडी, माझी बंदूक, तुझी जागा. आमच्याकडे गाडीच नाही. बाबा कापडी कव्हरात बंदूक घालून गोखिवऱ्याहून शेअर रिक्षाने जायचे. पावसात गाळ्यांच्या रस्त्यावर पाणी भरलं की ती दोन्ही हातांनी डोक्यावर धरून चालायचे. त्यांच्यासाठी बंदूक हा हक्क नव्हता, हुद्दा होता. आणि तो हुद्दा कंपनीने दिलेला नव्हता, त्यांनी स्वतःच्या पैशाने विकत घेतलेला होता.

म्हणून मॅडमचा नियम बरोबर होता असं मला आजही वाटतं, आणि त्या नियमाने बाबांवर अन्याय झाला असंही वाटतं. जिथे साठ माणसं प्लास्टिक ओततात तिथे भरलेली बंदूक असू नये. पण अठरा वर्षं ज्या हत्याराचा दर कंपनीने मोजला, जे आणायला तिनेच सांगितलं, ते एका नोटिशीने 'धोका' ठरलं तेव्हा त्याचा भुर्दंड एकट्या माणसाने का भरायचा? नियमात हत्याराबद्दल चार ओळी होत्या, ते बाळगणाऱ्याबद्दल एकही नव्हती. माझ्या मसुद्यातही नव्हती. बाबांचा प्रश्न तिथे परत आला. बंदूक कोणाची? लायसन्स कोणाच्या नावावर? आणि फायदा होत होता तेव्हा ती कोणाची होती?

आता परत चेकॉव्हकडे. त्याच्या नावाचा नियम सांगणारे त्याची नाटकं पूर्ण वाचतात का, अशी मला शंका आहे. 'अंकल वान्या'मध्ये वान्या वर्षानुवर्षं ज्याच्या कुटुंबाची इस्टेट सांभाळतो त्या प्रोफेसरवर गोळ्या झाडतो आणि दोन्ही वेळा नेम चुकतो. मालकावर झाडलेल्या गोळीने काहीच बदलत नाही. वान्या पुन्हा हिशेबाच्या वह्यांपाशी बसतो. त्याचं शेवटचं नाटक 'द चेरी ऑर्चर्ड' (1904). त्यात दुसऱ्या अंकात दोन हत्यारं आहेत. गव्हर्नेस शार्लोटाकडे एक बंदूक आणि येपिखोदोव्ह नावाच्या कारकुनाकडे पिस्तूल. दोन्ही उडत नाहीत. नियमाच्या बापानेच नियम मोडला, आणि तोही नोकरमाणसांच्या हातात हत्यारं देऊन. नाटकाच्या शेवटी गोळीचा आवाज येत नाही, झाडं तोडल्याचा येतो. घराला कुलूप लागतं आणि म्हातारा नोकर फिर्स आत विसरला जातो. चेकॉव्हला कळलं होतं की नोकराचा घात करायला बंदूक लागत नाही. त्याची आठवण न राहणं पुरेसं असतं.

'सिटीलाइट्स' इथपर्यंत पोहोचता पोहोचता थांबतो. पेटीचा नियम त्याने ओळखला, बंदुकीचा ओळखला नाही. दीपकचं मरण मोठं करण्याच्या नादात त्याची नोकरी लहान झाली. मला असा सिनेमा बघायचाय ज्यात दोन तास एक माणूस नूतनीकरणाच्या खिडकीपाशी उभा आहे, आणि गोळी न सुटताही माझ्या पोटात गोळा येतो. असा सिनेमा निघणार नाही म्हणाल, तर मी म्हणेन, निदान कथा लिहा.

गेल्या दिवाळीत बाबांनी बंदूक परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवली. आता ते त्याच गेटवर गार्ड आहेत. चाचा रोज चहाला येतात. मी 'सिटीलाइट्स' पुन्हा लावला आणि ह्या वेळी ते शेवटपर्यंत बसले. मला वाटलं रडतील. नावं पडद्यावरून सरकत होती तेव्हा म्हणाले, "माणूस गेला. मग हत्यार कोणी जमा केलं? ते घरच्यांना करावं लागतं. कोणीतरी त्या पोरीला सांगायला हवं होतं."

मग उठून कपाटातल्या फायलीत विक्रेत्याची पावती कुठे ठेवलीय ते त्यांनी मला दाखवलं.