मोजणाऱ्याच्या मापाबाहेरचे लोक
'रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स'च्या २०२५ च्या वृत्तपत्रस्वातंत्र्य निर्देशांकात १८० देशांत भारत १५१ वा आहे. सत्तेचा, मालकाचा, जमावाचा दबाव ही संस्था मोजते. त्याचे मोल मी नाकारत नाही. परंतु ज्याला लेखणीपासूनच दूर ठेवले, तो या मापात येत नाही.

पैसे देऊ करूनही 'केसरी'ने १९२० साली 'मूकनायक'ची जाहिरात छापली नाही. २०१९ च्या ऑक्सफॅम-न्यूजलॉन्ड्री पाहणीत माध्यमांतील १२१ नेतृत्वपदांपैकी १०६ उच्चवर्णीयांकडे होती. दलित-आदिवासी एकही नव्हता. २००६ चे खैरलांजी हत्याकांड लोक रस्त्यावर उतरल्यावरच मोठी बातमी झाले. त्यासाठी सेन्सॉर लागला नाही. जात पुरेशी होती.

इतवारीतल्या माझ्या विद्यार्थ्यांना मी म्हणतो, क्रमांक जरूर वाचा, पण संपादकाच्या खुर्चीत कोण बसते, तेही मोजा.