हाताळायचं की कळवायचं?

(काशीद इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



काशीदहून रेवदंड्याकडे निघालं की बोर्लीच्या पुढे कोर्लई लागतं. तिथले ख्रिस्ती लोक आजही पोर्तुगीजमधून घडलेली स्वतःची बोली बोलतात. त्या गावचं चर्च मुंबईच्या महाधर्मप्रांतात येतं. आपला रायगड जिल्हाच त्यात मोडतो. म्हणून आजचा विषय रोमचा आणि मुंबईचा वाटला, तरी आपल्यापासून तो फारसा लांब नाही.

विषय आहे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांच्या एका खुलाशाचा. २००६ पासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत ते मुंबईचे आर्चबिशप होते. पोप फ्रान्सिस यांच्या निवडक कार्डिनलांच्या सल्लागार मंडळातही ते होते. एवढ्या मोठ्या पदावरच्या माणसाचं बोलणं टीकेच्या नजरेने वाचायला हवं. त्यात राग नसावा आणि भक्तीही नसावी.

आधी घटना. २०१५ मध्ये मुंबईच्या शिवाजीनगर भागातल्या एका धर्मगुरूविरुद्ध अल्पवयीन मुलावर अत्याचार केल्याची तक्रार आली. बीबीसीने फेब्रुवारी २०१९ मध्ये दिलेल्या वृत्तानुसार, मुलगा आणि त्याचे आईवडील कार्डिनलना भेटले. कार्डिनल त्याच रात्री रोमला जाणार होते, ते गेले. पोलिसांना त्यांनी स्वतः कळवलं नाही. पोलिसांकडे गेलं ते कुटुंबच. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये मुंबईच्या विशेष पॉक्सो न्यायालयाने त्या धर्मगुरूला दोषी ठरवून जन्मठेप दिली.

बीबीसीचं वृत्त आलं ती वेळ बघा. २१ ते २४ फेब्रुवारी २०१९ या काळात व्हॅटिकनमध्ये बालकांच्या संरक्षणावर जगभरच्या बिशपांची परिषद होती. ती भरवणाऱ्या चौघांपैकी एक होते ग्रेशियस. २२ तारखेला त्यांनी तिथे भाषण केलं आणि एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगितली: आमच्याकडे हा प्रश्नच नाही, असं म्हणायची मुभा कुठल्याही बिशपाला नाही. हे वाक्य मला आजही महत्त्वाचं वाटतं. आशियातल्या एका चर्चनेत्याने ते तिथे म्हणणं सोपं नव्हतं.

मग स्वतःच्या महाधर्मप्रांताबद्दल विचारल्यावर त्यांचं उत्तर काय? थोडक्यात असं: प्रकरण अधिक चांगलं हाताळता आलं असतं. पोलिसांना लगेच सामील करून घ्यायला हवं होतं, हेही त्यांनी मान्य केलं. पण त्याचबरोबर, आरोपीशी बोलून तक्रारीत कितपत तथ्य आहे हे पाहणं आपलं कर्तव्य होतं, असंही त्यांचं म्हणणं होतं.

न्यायाने सांगायचं तर त्यांनी पत्रकारांना दारातून परत पाठवलं नाही. बदनामीचा कट आहे, असाही कांगावा केला नाही. आपल्याकडे किती बुवा-महाराज, किती संस्थाचालक एवढं तरी करतात? तेव्हा कबुलीचं श्रेय त्यांना द्यायचं.

पण कबुलीतलं क्रियापद बघा. ‘हाताळणं’. आपण काय हाताळतो? फाईल हाताळतो, गर्दी हाताळतो, नाजूक काचसामान हाताळतो. जे आपल्या हातात आहे ते हाताळतो. म्हणजे ‘मी नीट हाताळलं नाही’ असं म्हणणारा माणूस एक गोष्ट गृहीत धरून बोलतो, की प्रकरण माझ्या हातातलं होतं. चूक फक्त कौशल्याची झाली, वेळ कमी पडला. पुढच्या वेळी जास्त चांगलं हाताळीन. माझा आक्षेप नेमका इथे आहे. ते प्रकरण त्यांच्या हातातलं नव्हतंच. ते हाताळायचं नव्हतं, कळवायचं होतं.

हे माझं मत नाही, कायदा आहे. पॉक्सो कायदा नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्याच्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा झाल्याचं ज्याला कळलं, त्याने पोलिसांना कळवायचंच. आधी खातरजमा करा, आरोपीचं म्हणणं ऐका, मग ठरवा, असं त्या कलमात कुठेही नाही. तपास पोलिसांचा, निवाडा कोर्टाचा. कळवणाऱ्याने प्रामाणिकपणे कळवलं असेल तर त्याला संरक्षणही त्याच कलमात आहे. कलम २१ पुढे जातं. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल कळवलं नाही, तर एक वर्षापर्यंत कैद. कायद्याने प्रमुखावर जास्त भार टाकलाय, कारण लपवायची सोय त्याच्याकडेच जास्त असते.

आता कुणी म्हणेल, आरोपीची बाजू ऐकायची नाही का? जरूर ऐकायची. पण कुणी ऐकायची? आरोपी ज्यांचा सहकारी, ज्यांच्या सहीने त्याची नेमणूक, त्यांनीच त्याची बाजू आधी ऐकायची आणि तोवर मुलाने थांबायचं? हा न्याय नाही, घरातली पंचायत आहे.

इथे एक तुलना करतो. जानेवारी २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस चिलीत होते. तिथल्या बिशप बारोस यांच्यावर अत्याचार झाकल्याचा आरोप होता. पोप म्हणाले, पुरावा नाही, ही सगळी बदनामी आहे. पीडित दुखावले. बॉस्टनचे कार्डिनल ओमॅली यांनीसुद्धा जाहीरपणे सांगितलं की या शब्दांनी पीडितांना वेदना झाल्या. परतीच्या विमानात पोपनी माफी मागितली, पण कशाची? ‘पुरावा’ या शब्दाची. मत तेच राहिलं. शब्दाची माफी ही सगळ्यात स्वस्त माफी.

पण गोष्ट तिथे थांबली नाही. त्यांनी चौकशीसाठी माणूस पाठवला, ६४ जणांच्या साक्षी झाल्या, २३०० पानांचा अहवाल आला. एप्रिलमध्ये पोपनी पत्र लिहून आपल्या निर्णयात गंभीर चुका झाल्याचं मान्य केलं. पीडितांना व्हॅटिकनमध्ये बोलावून त्यांचं ऐकलं. जूनमध्ये बारोस यांचा राजीनामा स्वीकारला. शब्दापासून कृतीपर्यंत यायला पाच महिने लागले, पण आले. चर्चनेत्याच्या खुलाशाचं माप मी यावरून काढतो: त्या खुलाशानंतर काय बदललं? मे २०१९ मध्ये पोपनी नवा नियम काढला. बिशपांविरुद्धच्या तक्रारींची पद्धत त्यात आली, आणि धर्मगुरूंनी अशा तक्रारी वरिष्ठांना कळवणं सक्तीचं झालं. पण ते कळवणं चर्चच्या आतलं. पोलिसांकडे जायचं की नाही, ते त्या त्या देशाच्या कायद्यावर सोडलं. आपल्या देशाचा कायदा तर स्पष्ट आहे.

आणि कृपा करून हे व्याख्यान ‘बघा, ते ख्रिस्ती कसे’ असं सांगायला वापरू नका. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृहातलं प्रकरण आठवा. आदिवासी मुलींवर अत्याचार झाले, आणि माहिती असूनही कळवलं नाही म्हणून एका डॉक्टरवर गुन्हा नोंदवला गेला. उच्च न्यायालयाने तो रद्द केला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि माहीत असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे, असं बजावलं. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला लोक रुळांवर उतरले, तेव्हाही शाळेच्या चालकांवर न कळवल्याचाच गुन्हा नोंदवला गेला. चर्च असो, आश्रम असो, शाळा असो, वाक्य एकच असतं: ‘आम्ही आमच्या पातळीवर बघतोय.’

तर मंडळी, उद्या कुठल्याही प्रमुखाचा खुलासा वाचाल तेव्हा तीन गोष्टी तपासा. वाक्याचा कर्ता कोण आहे? त्यात मूल कुठे आहे? आणि पोलिसांना कधी कळवलं, त्याची तारीख आहे का? ग्रेशियस यांच्या खुलाशात पहिली गोष्ट बऱ्यापैकी आहे, ते श्रेय मी दिलं. दुसरी पुसट आहे. तिसरी नाही, आणि ती नंतर कितीही चांगल्या शब्दांनी भरून येत नाही.

चाइल्डलाइनचा नंबर १०९८. लिहून घ्या, मग प्रश्नांकडे वळू.