माथाडी कायद्यातील निवृत्तीची तरतूद : एक चिकित्सा

प्रस्तावना :
कामगाराच्या निवृत्तीचा विचार भारतीय कायद्याने प्रामुख्याने 'आस्थापना' हे एकक धरून केला. 1952 च्या भविष्यनिर्वाह निधी कायद्यात सर्वसाधारणपणे 20 वा अधिक कामगारांची अट होती. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ती कायम ठेवली. ऐच्छिक प्रवेशाची वाट खुली असली, तरी ती मालकाच्या संमतीवाचून उघडत नाही. परिणामी दोन-चार माणसांवर पेढी चालविणारा व्यापारी या कक्षेबाहेर राहतो. अशा छोट्या मालकांकडे राबणाऱ्या हमालांसाठी महाराष्ट्राने 1969 साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा केला. त्यातील निवृत्तीविषयक व्यवस्थेचे सामर्थ्य व मर्यादा तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

व्यवस्थेचे स्वरूप :
हमाल सकाळी एका गाळ्यावर, तर दुपारी दुसऱ्या गाळ्यावर पोती वाहतो. त्याचा मालक कोण, हे ठरविणेच कठीण. या कायद्याने व्यवसाय व क्षेत्र हे एकक मानून ही अडचण दूर केली. नोंदित मालक मजुरी व तिच्यावरील ठरावीक टक्के लेव्ही माथाडी मंडळाकडे भरतो. मंडळ मजुरीचे वाटप करते आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस इत्यादी लाभ देते. गाळा बदलला तरी खाते तुटत नाही. मंडळावर मालक व कामगार यांचे प्रतिनिधी समसंख्य असतात, शासनाचेही असतात. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीचे यश म्हणूनच केवळ मजुरीवाढीपुरते मर्यादित नाही. निवृत्तीच्या पैशाच्या कारभारात हमालाला वाटा मिळाला, ही बाब अधिक मोलाची ठरते.

मर्यादा :
ही सारी इमारत नोंदीच्या पायावर उभी आहे. व्यापाऱ्याने हमाली परस्पर रोख दिली, तर त्याची लेव्ही वाचते आणि हमालाच्या हाती पैसा त्याच दिवशी पडतो. दोघांनाही सोयीचा वाटणारा हा व्यवहार हमालाच्या म्हातारपणातून वसूल होतो. येथे संघटनेचीही कसोटी लागते, कारण आपल्याच सभासदाचा तात्कालिक मोह तिला आवरावा लागतो. दुसरे असे की, भविष्यनिर्वाह निधी व उपदान हे एकरकमी लाभ आहेत. घरबांधणी वा मुलीचे लग्न यांत ती रक्कम संपली, तर दरमहा आधार उरत नाही. तिसरी मर्यादा यांत्रिकीकरणाची आहे. लेव्ही मजुरीवर आधारलेली असल्याने यंत्राने उचललेल्या मालातून निधीत भर पडत नाही.

निष्कर्ष :
मालक छोटा असल्यामुळे निवृत्तीची योजना अशक्य ठरते, हा समज माथाडी कायद्याने खोटा ठरविला. छोट्या मालकांना एकत्र गुंफणारी यंत्रणा असेल, तर ती शक्य होते. मात्र मजुरीची काटेकोर नोंद आणि एकरकमी लाभाला मासिक निवृत्तिवेतनाची जोड या दोन गोष्टींवाचून ही व्यवस्था अपुरीच राहील. आयुष्यभर माथ्यावर ओझे वाहणाऱ्याचे शरीर इतरांच्या आधी थकते, याचा विसर धोरणकर्त्यांना पडता कामा नये.