कान देऊन पाहायचा सिनेमा

मार्गरित द्युरास यांचा ‘इंडिया साँग’ (१९७५) सुरू होतो तो मावळत्या सूर्याच्या लांबलचक दृश्याने. सोबत एका भिकारणीचा आवाज. लाओसमधून पायी चालत कलकत्त्याला पोहोचलेली ही वेडी बाई गाते, हसते, पण पडद्यावर कधीच येत नाही. चेहरा दिसला असता तर आपण तिची कीव करून मोकळे झालो असतो. नुसता आवाज पाठ सोडत नाही.

काळ १९३७चा, स्थळ कलकत्त्यातला फ्रेंच दूतावास. राजधानी तोवर केव्हाच दिल्लीला गेली होती आणि चित्रीकरण तर पॅरिसजवळच्या बूलोन्यमधल्या ओसाड रॉथशील्ड वाड्यात झालं. या भूगोलाला हरकत घेऊ नये. सायगावजवळ जन्मलेल्या द्युरास यांना हवी होती ती वसाहतीतली कुंद, साचलेली हवा, आणि ती त्यांनी फ्रान्समध्ये उभी केली.

खरी किमया संवादांत आहे. राजदूताची पत्नी आन-मारी झालेली देल्फिन सेरिग आणि उपवाणिज्यदूत झालेला मिशेल लोन्सदाल यांचे ओठ पडद्यावर हलतच नाहीत. संवाद आधी ध्वनिमुद्रित करून चित्रीकरणाच्या वेळी वाजवले गेले, आणि नटांनी ते ऐकत ऐकत वावरायचं होतं. सेरिगच्या संथ पावलांकडे नीट पाहा: ती बोलणाऱ्या बाईची नव्हे, स्वतःविषयी ऐकणाऱ्या बाईची चाल आहे. दिवाणखान्यातला भलाथोरला आरसा तर कमालच करतो. माणूस खोलीत आला की आरशात, हे क्षणभर कळत नाही. मग उपवाणिज्यदूताचा तो आक्रोश! कार्लोस दालेस्सिओच्या हळुवार नृत्यसंगीतानंतर तो अंगावर येतो.

पन्नाशी उलटल्यावर दिग्दर्शनाकडे वळलेल्या या कादंबरीकर्तीचा शब्दावर केवढा भरवसा होता, हे पुढच्याच वर्षी दिसलं. ‘इंडिया साँग’चा तोच ध्वनिपट्टा त्यांनी नव्या चित्रपटाला जसाच्या तसा लावला. या वेळी पडद्यावर तोच वाडा, पण जवळजवळ निर्मनुष्य: पोपडे सुटलेल्या भिंती, फुटकी तावदानं. संवादातलं अक्षरही बदललेलं नाही, तरी पहिल्या वेळी कुजबुज वाटलेली वाक्यं इथे मेलेल्यांची वाटतात. एवढ्या थोडक्या साधनांत इतका मोठा पालट मी दुसऱ्या कुठल्या चित्रपटात पाहिलेला नाही.

१९७७च्या ‘ल कामियों’मध्ये त्या स्वतः जेरार दपार्दिअसमोर बसून संहिता वाचतात, अधूनमधून रस्त्यावरचा ट्रक दिसतो. तोही पाहावा, पण आधी ही जोडी बघा. दोन्ही चित्रपट सलग, याच क्रमाने, आणि आवाज मोठा ठेवून.