'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स' : पुनर्दर्शन आणि नजरेचा प्रश्न

जोनाथन डेमी दिग्दर्शित 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स' (१९९१) पुन्हा पाहताना खुनी सापडेल की नाही, ही उत्कंठा उरत नाही; लक्ष जाते ते कोण कोणाकडे कसे पाहतो याकडे. एफबीआयची प्रशिक्षणार्थी क्लॅरिस हिच्याशी बोलणारे वरिष्ठ अधिकारी क्रॉफर्ड, मनोरुग्णालयाचे प्रमुख चिल्टन आणि बंदिवान लेक्टर अनेकदा थेट कॅमेऱ्यात पाहतात. तिची नजर मात्र किंचित बाजूला असते. त्यामुळे प्रेक्षक तिच्या जागी येतो आणि तिच्यावर रोखलेल्या नजरा त्यालाही सोसाव्या लागतात.

तळघरातील अखेरच्या प्रसंगात ही जागा पालटते. अंधारात चाचपडणारी क्लॅरिस आता खुन्याच्या रात्रदर्शी चष्म्यातून दिसते आणि प्रेक्षक नकळत शिकाऱ्याच्या बाजूला जातो. पुनर्दर्शनात भय ओसरते. ही अस्वस्थता मात्र वाढते.

तथापि, स्त्रीवरील नजरेबाबत इतका सजग असलेला हा चित्रपट खुनी जेम गम्बच्या स्त्रीरूपाच्या ओढीकडे विकृतीची खूण म्हणूनच पाहतो. तो 'खरा' लिंगांतरेच्छुक नसल्याचे संवादात सांगितले, तरी दृश्याचा ठसा पुसला जात नाही. समलैंगिक हक्कांच्या कार्यकर्त्यांनी त्या काळीच घेतलेला आक्षेप म्हणूनच ग्राह्य ठरतो. पाच ऑस्कर मिळवणारा हा चित्रपट वर्गात शिकवताना त्याच्या सामर्थ्याबरोबर ही मर्यादाही नोंदवणे आवश्यक आहे.