चौदावा पेच

एमआयटीच्या संशोधकांनी २०१६ साली इंटरनेटवर ठेवलेलं 'मॉरल मशीन' मला सर्वेक्षणापेक्षा कथा म्हणून वाचावंसं वाटतं. चालक नसलेली गाडी, निकामी झालेले ब्रेक, दोन गट. कोणाला उडवायचं ते तुम्ही ठरवायचं. एका फेरीत असे १३ पेच. जगभरातून आलेल्या जवळपास चार कोटी उत्तरांवर ऑक्टोबर २०१८ मध्ये 'नेचर'मध्ये लेख आला. तेव्हापासून अशा गाड्यांबद्दल लोकांना काय वाटतं हे सांगायचं, की दाखला बहुतेक वेळा हाच.

पात्रं ठसठशीत आहेत: डॉक्टर, बेघर, गरोदर बाई, गुन्हेगार, कुत्रा, मांजर. वाचवण्याच्या क्रमात गुन्हेगार कुत्र्याच्याही खाली गेला. (मांजर सगळ्यांत शेवटी. मांजरवाल्यांनी समजून घ्यावं.) कथा फसते ती सर्वज्ञ निवेदकापाशी. समोरची बाई डॉक्टर आहे, हे गाडीला कोण सांगणार? मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. समोर आहे तो माणूसच, एवढं दरवेळी खात्रीने कळलं तरी अशा टीमने पार्टी द्यावी.

तो लेख येण्याच्या सात महिने आधी, १८ मार्च २०१८ च्या रात्री, ॲरिझोनातल्या टेम्पी शहरात उबरच्या चाचणी गाडीने सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईला उडवलं. सरकारी तपासात निघालं ते असं: यंत्रणेला ती धडकेच्या ५.६ सेकंद आधी दिसली होती. मग ती कधी वाहन ठरली, कधी अनोळखी वस्तू, कधी सायकल. क्रॉसिंग सोडून कोणी रस्ता ओलांडेल, हे रचनेत धरलंच नव्हतं. शिवाय उगाच ब्रेक लागू नयेत म्हणून एक सेकंद थांबण्याची सोय होती. देखरेखीला बसलेल्या व्यक्तीचं लक्ष मोबाइलवर होतं.

'मॉरल मशीन'मध्ये लोकांनी सिग्नल पाळणाऱ्यांना झुकतं माप दिलं. भिवपुरीत बसून हे वाचताना हसू येतं. कर्जत-कल्याण रस्ता मी जिथे ओलांडतो तिथे ना पट्टे, ना सिग्नल. मग नियम मोडणारे कोण? आम्ही सगळेच: धबधब्याकडे निघालेली ओलीचिंब टोळकी, शेळ्यांमागचं पोर, डोक्यावर मोळी घेतलेली वाडीवरची बाई. त्या मोळीसकट तिला माणूस म्हणून ओळखायला गाडीला शिकवलंय का, हा माझा पहिला प्रश्न. तिच्या जिवाची किंमत ठरवणं फार पुढचं.

आपल्याकडे वाद गेला नोकऱ्यांकडे. ड्रायव्हरलेस गाड्या भारतात येऊ देणार नाही, चालकांचं काम जाईल, असं नितीन गडकरी २०१७ पासून सांगत आलेत. स्टेशनबाहेरच्या रिक्षांची रांग पाहिली की मला ते पटतंही. पण हीसुद्धा गाडीच्या आत बसलेल्याची काळजी. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतला जवळजवळ पाचवा हिस्सा पायी चालणाऱ्यांचा. त्या गाड्यांना चालक होते. शनिवारी फार्महाउसकडे सुटलेल्या एसयूव्हीलाही चालक असतो, आणि तो ब्रेकच्या आधी हॉर्न दाबतो.

त्या खेळात चौदावा पेच घालायला हवा होता. ब्रेक उत्तम आहेत. समोर काहीतरी हलतंय. ते माणूस असण्याची खात्री साठ टक्के. मागचा हॉर्न मारतोय, आणि वारंवार थांबणारी गाडी कोणी विकत घेत नाही. वेग कमी कराल?